आडात काय आहे, ते आधी विचारा

सप्टेंबर २०२१ मध्ये प्रोटॉनमेल या स्वित्झर्लंडमधल्या ईमेल कंपनीच्या संकेतस्थळावरून एक वाक्य गायब झालं. ‘आम्ही एरवी तुमच्या आयपी पत्त्याच्या नोंदी ठेवत नाही’ अशा अर्थाचं ते वाक्य होतं (आयपी पत्ता म्हणजे तुम्ही इंटरनेटला कुठून जोडले गेलात हे दाखवणारा आकडा), आणि त्या वाक्यावर विसंबून कितीतरी जणांनी तिथे खाती उघडली होती. ते काढावं लागलं, कारण नुकतंच एक प्रकरण बाहेर आलं होतं. पॅरिसमध्ये हवामानाच्या प्रश्नावर आंदोलन करणाऱ्या एका गटाच्या खात्यामागे कोण आहे, हे फ्रेंच पोलिसांना हवं होतं. त्यांनी युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेमार्फत स्विस यंत्रणेला विनंती केली. स्विस यंत्रणेने कंपनीला आदेश दिला. त्या खात्यात कोणत्या आयपी पत्त्यावरून प्रवेश होतो हे कंपनीने नोंदवायला सुरुवात केली, आणि ती नोंद पोलिसांपर्यंत पोहोचली.

त्या वेळचा संताप मला आठवतो. ‘विश्वासघात’ हा शब्द सगळीकडे होता आणि माझ्याही मनात तोच आला होता. पण प्रकरण पुन्हा शांतपणे वाचल्यावर त्यातली दुसरी बाजू दिसली, आणि गेली काही वर्षं मी या विषयाकडे तिच्या आधारेच बघत आलो आहे. पोलिसांना आयपी पत्ता मिळाला, पण साठवलेल्या पत्रांतला मजकूर मिळाला नाही. कंपनी फार धीराची होती म्हणून नव्हे. तो मजकूर उघडण्याची किल्ली खातेदाराच्या पासवर्डाने बंद असते आणि तो पासवर्ड कंपनीकडे नसतो, म्हणून. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आयपी पत्ताही आडात नव्हताच. पण तो भरता येत होता. मजकूर मात्र भरता येत नव्हता. एकाच कंपनीत, एकाच खात्याबाबत, एकाच आदेशाखाली एक गोष्ट गेली आणि दुसरी राहिली. ‘आम्ही ठेवत नाही’ आणि ‘आम्हाला ठेवताच येत नाही’ ही दोन वाक्यं ऐकायला सारखी वाटतात. पहिलं वाक्य म्हणजे शब्द देणं, दुसरं म्हणजे रचना. खासगीपणा विकणाऱ्या कंपन्यांवर विश्वास ठेवावा का, या प्रश्नावर लोक कंपनीचा स्वभाव पाहतात. संस्थापक कोण, देश कोणता, बोलणं किती तळमळीचं. मला वाटतं, आपण चुकीच्या जागी पाहतो आहोत. ज्या दिवशी कुणीतरी आदेश घेऊन दारात उभं राहील, त्या दिवशी या कंपनीकडे देण्याजोगं काय असेल, हे पाहायला हवं.

स्वभावाने काम भागलं असतं, तर लावाबिटचं भागायला हवं होतं. लदार लेव्हिसन यांनी २००४ मध्ये सुरू केलेली ही अमेरिकेतली ईमेल सेवा अमेरिकी गुप्तचर यंत्रणेची कागदपत्रं फोडणारे एडवर्ड स्नोडेन वापरत होते. २०१३ च्या उन्हाळ्यात सरकारने लेव्हिसन यांच्याकडे सेवेची एन्क्रिप्शनची, म्हणजे मजकूर कुलूपबंद करण्याची, किल्ली मागितली. अडचण अशी, की ती किल्ली एका खात्याची नव्हती. सेवेशी होणारी सगळ्यांची देवाणघेवाण तिने उघडली असती, आणि खातेदार चार लाखांच्या वर होते. लेव्हिसन झगडले. न्यायालयाने किल्ली द्यायचा हुकूम केला तेव्हा त्यांनी ती ११ पानांवर इतक्या बारीक अक्षरात छापून दिली, की वाचणंच अशक्य व्हावं. न्यायालयाने ते ऐकून घेतलं नाही आणि रोज ५,००० डॉलर दंड लावला. शेवटी त्यांनी किल्ली दिली आणि ८ ऑगस्ट २०१३ रोजी सेवा बंद करून टाकली. नेमकं काय झालं हे खातेदारांना सांगण्याचीही त्यांना मुभा नव्हती.

मला या माणसाबद्दल मनापासून आदर आहे. पोटापाण्याचा धंदा तत्त्वासाठी बंद करणारे किती असतात? पण त्यांचा चांगुलपणा खातेदारांच्या कामी आला तो एवढाच, की पुढची पत्रं त्या वाटेने गेली नाहीत. रचना अशी होती की एक किल्ली हातची गेली की सगळं उघडं पडणार होतं. चार लाख लोकांची गुपितं एका माणसाच्या मनोधैर्यावर टांगलेली असणं, ही त्या माणसावरही अन्यायाचीच गोष्ट आहे.

कॅनडातल्या हशमेलची गोष्ट त्याहून जुनी, २००७ ची. एन्क्रिप्टेड ईमेल देणाऱ्या पहिल्या कंपन्यांपैकी ती एक. स्टेरॉइड विकणाऱ्यांच्या तपासात अमेरिकी यंत्रणेने कॅनडाच्या न्यायालयामार्फत आदेश मिळवला आणि हशमेलने १२ सीडी भरून वाचता येतील अशी पत्रं दिली. हे शक्य कसं झालं? हशमेल वापरायचे दोन मार्ग होते. एकात एन्क्रिप्शनचं काम खातेदाराच्या संगणकावर व्हायचं, पण त्यासाठी वेगळा प्रोग्राम चालवावा लागे. दुसरा सोपा होता. त्यात परवलीचं वाक्य क्षणभर कंपनीच्या सर्व्हरवरून जायचं. त्या क्षणभरात ते पकडता येत होतं. सोपा मार्ग बहुतेकांना आवडतो, तसा तो आवडला.

हा धडा जुना झालेला नाही. ब्राउझरमध्ये ईमेल उघडताना एन्क्रिप्शन करणारा कोड दर वेळी त्या कंपनीच्याच सर्व्हरवरून येतो. आज तो प्रामाणिक असेल. उद्या एखाद्याच खातेदाराला थोडा बदललेला कोड पाठवला, तर त्याला कळणार कसं? फोनवर किंवा संगणकावर बसवलेलं, उघड स्रोताचं (ज्याचा कोड कुणालाही तपासता येतो असं), जगभर एकाच रूपात वाटलं जाणारं ॲप इथे बरं पडतं. कारण एका माणसासाठी वेगळं ॲप बनवून त्याच्याच हाती पोहोचवणं बरंच अवघड असतं. तरीही मी ब्राउझरमधली सेवा वापरू नका असं म्हणणार नाही. फक्त ‘आम्हालाही तुमची पत्रं वाचता येत नाहीत’ या वाक्याच्या शेवटी एक न छापलेली अट असते, एवढं ध्यानात असू द्यावं.

आणखी एक अट सगळ्या ईमेललाच लागू आहे, आणि तिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. समोरचा माणूस साधी सेवा वापरत असेल, तर त्याचं पत्र उघड्या रूपातच तुमच्या कंपनीच्या दारात येतं. कंपनी ते आल्यावर कुलूपबंद करते. आल्यानंतर आणि कुलूप लागण्याआधी एक फट राहते. २०२० मध्ये जर्मनीतल्या कोलोन इथल्या न्यायालयाने टुटानोटा या कंपनीला नेमका त्या फटीतून हात घालायला सांगितला: खंडणीच्या एका प्रकरणातल्या खात्यात यापुढे येणाऱ्या, आधी एन्क्रिप्ट न केलेल्या पत्रांची प्रत काढून द्या. आधीच बंद झालेली पत्रं त्यांनाही उघडता येत नव्हती. शिवाय तुम्ही पाठवलेलं प्रत्येक पत्र समोरच्याच्या खात्यातही असतं. तुम्ही तिजोरीत राहता आणि ज्यांना लिहिता ते सगळे उघड्यावर राहतात, असा हा प्रकार आहे.

पत्र बंद असलं तरी पाकीट दिसतंच. कुणी कुणाला, केव्हा, किती वेळा लिहिलं. प्रोटॉनमध्ये पत्राचा विषयही या बंद कुलपात येत नाही, टुटानोटामध्ये येतो. पाकिटाला कमी लेखू नये. अमेरिकेच्या एनएसए आणि सीआयए या दोन्ही गुप्तचर संस्थांचे प्रमुख राहिलेले मायकल हेडन २०१४ मध्ये जाहीर चर्चेत म्हणाले होते की आम्ही मेटाडेटाच्या, म्हणजे पाकिटावरच्या माहितीच्या, आधारे माणसं मारतो. पाकिटावरून काय काय उमगतं, याची याहून स्पष्ट कबुली मला माहीत नाही.

व्हीपीएन म्हणजे तुमची इंटरनेटवरची वाहतूक आपल्या सर्व्हरमधून नेऊन तुमचा आयपी पत्ता झाकणारी सेवा. तिचं दुखणं वेगळं आहे आणि माझ्या मते ते जास्त खोल आहे. ईमेल कंपनी ठरवलं तर स्वतःलाच बाहेर ठेवून दार लावू शकते. व्हीपीएनला तसं करता येत नाही. तुमचा सगळा प्रवास तिच्या अंगणातूनच जातो. कुठून आलात आणि कुठे निघालात, हे जाण्याच्या क्षणी तिला दिसणारच. एचटीटीपीएसमुळे (संकेतस्थळाशी होणारी देवाणघेवाण कुलूपबंद करणाऱ्या पद्धतीमुळे) पानावर काय वाचलंत ते दिसत नाही, पण कोणत्या दारात गेलात ते दिसतं. तुमच्या इंटरनेट कंपनीला जे दिसत होतं ते आता व्हीपीएन कंपनीला दिसतं. गुपित नाहीसं होत नाही, फक्त दुसऱ्याच्या हाती जातं. म्हणून व्हीपीएनच्या बाबतीत रचनेचा आधार तोकडा असतो आणि शब्दावर फार भार पडतो.

तो शब्द किती वेळा मोडला, ते पाहा. २०११ मध्ये सोनी पिक्चर्सवर हल्ला करणाऱ्यांपैकी एकापर्यंत पोलीस पोहोचले ते हाइडमायॲस या व्हीपीएनने दिलेल्या नोंदींवरून. ‘नोंदी ठेवत नाही’ असं सांगणाऱ्या आयपीव्हॅनिशने २०१६ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणेला नोंदी दिल्या आणि ते उघड झालं २०१८ मध्ये. तोच दावा करणाऱ्या प्युअरव्हीपीएनच्या नोंदी २०१७ मध्ये एका छळवणुकीच्या खटल्यात एफबीआयच्या कागदपत्रांत दिसल्या. त्या खटल्यातला आरोपी पकडला गेला याचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं, की तोच खोटा शब्द एखाद्या पत्रकारालाही दिलेला होता. आणि २०२० मध्ये तर हाँगकाँगशी जोडलेल्या सात मोफत व्हीपीएन सेवांच्या नोंदी, १.२ टेराबाइट, कुणालाही पाहता येतील अशा सर्व्हरवर उघड्या सापडल्या. सातही जणी नोंदी ठेवत नसल्याचं सांगत होत्या. तिथे पोलीसही नव्हते आणि न्यायालयही नव्हतं.

शब्द पाळला गेल्याचे प्रसंगही आहेत आणि ते तितक्याच ठळकपणे सांगायला हवेत. प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेसला २०१६ मध्ये एफबीआयचं समन्स आलं, तेव्हा देण्याजोगं काही निघालं नाही. तुर्कस्तानात रशियाच्या राजदूताची हत्या झाली, त्या तपासात तिथल्या यंत्रणेने एक्स्प्रेसव्हीपीएनचा सर्व्हर जप्त केला. त्यातून काही मिळालं नाही. १८ एप्रिल २०२३ रोजी स्वीडनचे पोलीस झडतीचा आदेश घेऊन गोटेनबर्गमधल्या मुलवाडच्या कार्यालयात गेले. ग्राहकांची माहिती असलेले संगणक त्यांना न्यायचे होते. असे संगणकच नाहीत हे कंपनीने दाखवून दिलं आणि पोलीस रिकाम्या हाताने परतले.

मुलवाडची ती गोष्ट मला फार आवडते, कारण ती जवळजवळ ईमेलच्या रचनेइतकी पक्की आहे. तिथे खातं उघडायला नाव लागत नाही, ईमेल लागत नाही. एक आकडा मिळतो, तेच खातं. पैसे हवं तर नोटांच्या रूपात पाकिटात घालून टपालाने पाठवता येतात. म्हणजे प्रवास त्यांना दिसला तरी प्रवाशाचं नाव त्यांच्या दप्तरी नसतं. व्हीपीएनमध्ये आड पूर्ण कोरडा ठेवता येत नाही, पण त्यात मुळात कमी पाणी पडेल अशी व्यवस्था करता येते. ‘नोंदी ठेवत नाही’ या वाक्यापेक्षा नोंदणीच्या वेळी कंपनी काय काय मागते, हे मला अधिक बोलकं वाटतं. नाव, फोन नंबर, ईमेल, कार्ड असं सगळं मागून झाल्यावर खासगीपणाची ग्वाही देणाऱ्या कंपनीबद्दल मी लगेच सावध होतो.

पण वरच्या चांगल्या उदाहरणांपैकी दोघांचं पुढे काय झालं, तेही सांगितलं पाहिजे. प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस २०१९ मध्ये विकली गेली आणि एक्स्प्रेसव्हीपीएन २०२१ मध्ये, ९३.६ कोटी डॉलरना. दोन्ही घेणारी कंपनी एकच, केप टेक्नॉलॉजीज. ही पूर्वी क्रॉसरायडर नावाने ओळखली जायची, आणि तिच्या तंत्राचा वापर लोकांच्या ब्राउझरमध्ये नको त्या जाहिराती घुसवायला झाला होता. २०२१ मध्येच केपने व्हीपीएनचं परीक्षण करणारी संकेतस्थळंही विकत घेतली. त्यांतलं एक होतं व्हीपीएनमेंटर, हाँगकाँगच्या त्या सात सेवांची गळती चव्हाट्यावर आणणाऱ्यांपैकी एक. केपने ग्राहकांची माहिती विकल्याचं काही समोर आलेलं नाही आणि माझा तसा आरोपही नाही. पण ज्या मालकाकडे बघून तुम्ही पैसे भरलेत तो मालक उद्या असेलच असं नाही, आणि कोणती सेवा चांगली हे सांगणाऱ्याचाही मालक तोच निघू शकतो. स्किफ या एन्क्रिप्टेड ईमेल सेवेचं तर आयुष्यच थोडं ठरलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोशन या सॉफ्टवेअर कंपनीने ती विकत घेतली आणि सहा महिन्यांत सेवा बंद. माणसांच्या स्वभावावर ठेवलेला विश्वास कंपनीबरोबर विकला जातो. रचनाही बदलता येते, हे खरं. पण ती बदलली तर निदान बाहेरून दिसण्याची शक्यता असते.

कुंपणाने शेत खाल्ल्याचं उदाहरण हवं असेल तर ओनाव्हो आहे. फेसबुकने २०१३ मध्ये ही कंपनी घेतली आणि तिचं व्हीपीएन ‘संरक्षण’ म्हणून वाटलं. त्यातून जाणाऱ्या वाहतुकीवरून लोक कोणती इतर ॲप किती वापरतात, हे फेसबुक पाहत होतं. २०१८ मध्ये ॲपलच्या दुकानातून ते गेलं. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओच्या संशोधकांनी २०१६ मध्ये अँड्रॉइडवरची २८३ व्हीपीएन ॲप तपासली, तेव्हा १८ टक्के ॲप वाहतूक एन्क्रिप्टच करत नव्हती आणि ७५ टक्क्यांत माग काढणाऱ्या त्रयस्थांचा कोड होता. मोफत व्हीपीएनबद्दल मला याहून जास्त काही सांगायचं नाही. सर्व्हरचा खर्च कुणीतरी भरतोच. कोण भरतो, ते शोधा.

देशाच्या नावाने होणाऱ्या जाहिरातीबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण तिला सुशिक्षित माणसंही भुलतात. ‘स्विस’ म्हटलं की तटस्थता, बर्फ, बँका, गुपितं असं एक चित्र डोळ्यांपुढे येतं. क्रिप्टो एजी हीही स्विस कंपनीच होती. जगातल्या १२० हून अधिक देशांनी तिची गुप्तसंदेशाची यंत्रं विकत घेतली, भारतही त्यात होता. १९७० मध्ये सीआयए आणि पश्चिम जर्मनीच्या गुप्तचर खात्याने ती कंपनी छुप्या रीतीने विकत घेतली होती. जर्मन १९९३ च्या सुमारास बाहेर पडले, अमेरिकी २०१८ पर्यंत होते. जगाला हे २०२० मध्ये कळलं. झेंड्यावर विसंबलेल्यांत सरकारंही होती.

देशाला काहीच अर्थ नाही, असं नाही. २०२२ मध्ये भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपायला सांगितलं, तेव्हा एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी तिथले प्रत्यक्ष सर्व्हर काढून घेतले. तो निर्णय योग्यच होता. पण जिथे न्यायालयं आहेत तिथे आदेश येणारच. प्रोटॉन स्वतः दर वर्षीचे आकडे जाहीर करते आणि त्यात हजारो आदेश पाळल्याची नोंद असते. ‘आमच्या देशात कुणी आम्हाला हात लावू शकत नाही’ हे वाक्य ज्या जाहिरातीत दिसेल, ती जाहिरात एकतर अज्ञानातून आलेली असते किंवा फसवणुकीतून.

कायद्यालाही जुमानणार नाही असं सांगणाऱ्यांपासून तर चार हात लांबच राहावं. गुन्हेगारांच्या वर्तुळात प्रसिद्ध असलेल्या डबलव्हीपीएनचे सर्व्हर जून २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून ताब्यात घेतले आणि त्यांवर ग्राहकांच्या नोंदीही सापडल्या. त्याच महिन्यात ॲनोमचं बिंग फुटलं. पोलिसांपासून सुरक्षित म्हणून विकले गेलेले जवळपास १२,००० फोन, आणि ती सेवा चालवत होती खुद्द एफबीआय. मला स्वतःला असं वाटतं, की महिन्याच्या चार पैशांच्या वर्गणीसाठी कुणी माझ्याकरता तुरुंगात जावं अशी अपेक्षा ठेवणं गैर आहे. प्रोटॉनने आदेश पाळला याचा राग माझ्या मनातून गेला तो यामुळेच. ते वाक्य पहिल्या पानावर ठेवलं होतं, याचा राग अजून आहे.

या सगळ्या उदाहरणांनंतर एक मोठा युक्तिवाद नेहमी येतो आणि मला तो सर्वांत धोकादायक वाटतो. ‘म्हणजे सगळे सारखेच. मग मोठ्या कंपनीची मोफत सेवा काय वाईट?’ सगळे सारखे नाहीत. जिथे किल्ली कंपनीच्याच हातात असते, तिथे आदेश आला की पूर्ण पत्रव्यवहार जातो, वर्षानुवर्षांचा, जोडलेल्या फोटोंसकट. गूगलने २०१७ मध्ये जाहिरातींसाठी जीमेलमधला मजकूर वाचणं थांबवायचं ठरवलं, ते चांगलंच केलं. पण थांबवायचं ठरवता येतं ते पुन्हा सुरू करायचंही ठरवता येतं. जिथे किल्ली खातेदाराकडे असते, तिथून पाकिटावरचा मजकूर जातो, आतलं पत्र जात नाही. हा फरक एखाद्या स्त्रीच्या वैद्यकीय पत्रांचा असू शकतो, एखाद्या बातमीदाराच्या खबऱ्याच्या नावाचा असू शकतो. ‘सगळे चोर’ म्हणणारा शहाणा दिसतो, पण त्याच्या बोलण्याने फक्त एकाचंच भलं होतं: ज्याच्याकडे आधीच सगळ्यांचं सगळं आहे, त्याचं. आणि ज्यांनी खपून, खर्च करून आड कोरडा ठेवला, त्यांची मेहनत मातीमोल होते.

बरं, आपण कुणापासून जपतो आहोत हे ठरल्याशिवाय या चर्चेला अर्थही नाही. बहुतेकांचा प्रश्न जाहिरातवाल्यांचा असतो. तिथे व्हीपीएनचा उपयोग थोडका. तुम्ही एखाद्या खात्यात लॉगिन करून बसला आहात, ब्राउझरमध्ये कुकीज (तुम्हाला ओळखण्यासाठी संकेतस्थळांनी ठेवलेल्या खुणा) आहेत, तर आयपी पत्ता बदलून ते तुम्हाला ओळखणार नाहीत असं होत नाही. अनोळखी वायफायवर किंवा आपल्याच इंटरनेट कंपनीपासून कोणती संकेतस्थळं पाहतो ते झाकायचं असेल तर व्हीपीएन खरंच कामाचं आहे. पण ज्याचा धोका घरातच आहे, म्हणजे पासवर्ड माहीत असलेला जोडीदार, फोनवर चालू असलेलं लोकेशन शेअरिंग, दोघांच्या नावावरचं खातं, त्याला व्हीपीएन विकणं मला क्रूरपणाचं वाटतं. त्या माणसाला पहिल्यांदा फोन तपासून द्यायला हवा. आणि ज्याच्या मागे एखादं सरकार आहे, त्याने एका कुठल्याही कंपनीवर सगळा भार टाकूच नये.

‘एका कंपनीवर’ हे शब्द मी मुद्दाम वापरतो. विश्वासाची गरज कमी करायचा सर्वांत जुना उपाय म्हणजे माहिती वाटून टाकणं. टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्यात वाहतूक साधारणपणे तीन वेगवेगळ्या टप्प्यांतून जाते. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं पण कुठे निघालात ते कळत नाही, शेवटच्याला उलट. ॲपलने २०२१ मध्ये आणलेल्या प्रायव्हेट रिलेमध्येही हीच कल्पना आहे: पहिला टप्पा ॲपलचा, दुसरा दुसऱ्या कंपनीचा, आणि पूर्ण चित्र एकट्या कुणाकडेच नाही. साध्या माणसालाही यातलं थोडं जमतं. ईमेल एकाकडे आणि व्हीपीएन दुसऱ्याकडे ठेवावं. ईमेलचा पत्ता स्वतःच्या डोमेनवर (म्हणजे स्वतः नोंदवलेल्या इंटरनेटवरच्या नावावर) असला तर मालक बदलला, सेवा बंद झाली, तरी बिऱ्हाड हलवता येतं. आणि रिकव्हरी ईमेलचा (पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवायच्या दुसऱ्या पत्त्याचा) रकाना भरताना थांबावं. २०२४ मध्ये स्पेनमधल्या एका प्रकरणात प्रोटॉनकडून मिळाला तो एवढाच एक धागा, खातेदाराने स्वतः भरलेला ॲपलचा रिकव्हरी पत्ता. पुढची ओळख पोलिसांना ॲपलकडून मिळाली. ते पाणी खातेदाराने स्वतःच आडात ओतलं होतं.

ऑडिटचंही एक सांगतो. नॉर्डव्हीपीएनने २०१८ मध्ये आपल्या ‘नोंदी नाहीत’ या दाव्याची पीडब्ल्यूसी या हिशेब तपासणाऱ्या कंपनीकडून तपासणी करून घेतली. त्याच वर्षी फिनलंडमधल्या त्यांच्या एका भाड्याच्या सर्व्हरमध्ये कुणीतरी शिरलं होतं, तिथल्या डेटा सेंटरच्या दूरनियंत्रण व्यवस्थेतून. कंपनीने हे जाहीर केलं ऑक्टोबर २०१९ मध्ये. तपासणी खोटी नव्हती. तिला जे विचारलं होतं तेवढंच तिने पाहिलं. म्हणून अहवालाचा निष्कर्ष वाचण्याआधी तपासणाऱ्यांना काय तपासायला सांगितलं होतं, ते वाचावं. तपासणी न करून घेणाऱ्यांपेक्षा करून घेणारे बरेच, यात मला शंका नाही. पण न्यायालयासमोरची एक परीक्षा मला दहा अहवालांहून वजनदार वाटते.

अशी परीक्षा सिग्नल या संदेश पाठवण्याच्या सेवेने दिली, आणि ती ईमेल किंवा व्हीपीएनची नसली तरी मला सारखी आठवते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका ग्रँड ज्युरीचं समन्स तिला आलं. तिच्याकडून गेल्या त्या दोन गोष्टी: खातं केव्हा उघडलं आणि शेवटचं केव्हा जोडलं गेलं. बाकी काही नव्हतंच. समन्सबद्दल बोलण्यावरची बंदी उठल्यावर तो पत्रव्यवहार सर्वांना वाचायला मिळाला. ज्या कंपनीला माझा विश्वास हवा आहे तिने मला ध्येयवाक्य न दाखवता असं एक उत्तर दाखवावं: आमच्याकडे आदेश आला तेव्हा आम्ही काय दिलं, आणि उद्या आला तर काय देऊ शकू, कोणती नोंद नव्याने सुरू करायला आम्हाला भाग पाडता येईल.

प्रोटॉनने २०२१ नंतर आपल्या धोरणात तसा मजकूर घातला, की स्विस फौजदारी तपासात आयपी पत्ता नोंदवायची सक्ती आमच्यावर होऊ शकते. टॉरमधून यायची सोय त्यांच्याकडे आधीपासूनच होती. म्हणजे पहिल्या पानावर असं लिहिणं तेव्हाही शक्य होतं: ‘तुमची साठवलेली पत्रं आम्हाला वाचता येत नाहीत. तुमचा आयपी पत्ता आम्ही एरवी नोंदवत नाही, पण आदेश आला तर नोंदवावा लागेल. तो आमच्यापर्यंतही पोहोचू नये असं वाटत असेल तर टॉरमधून या.’ पॅरिसमधल्या त्या कार्यकर्त्यांनी खातं उघडताना हेच वाचलं असतं.